सासऱ्यांनी दिलेले बूट

माझा पाय सात नंबरचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या माळ्यावर बुटांचे चार जोड आहेत, त्यांतला एकही सात नंबरचा नाही, आणि चारही मी वापरलेले आहेत. पहिला जाड मोजे घालून. दुसरा पुढं कापूस कोंबून. तिसऱ्यात वर्तमानपत्राची अर्धी पुरवणी बसायची, चौथ्यात सबंध. पाचवाही एक जोड होता. तो माझ्याकडं का नाही, ते ओघात येईल.

लग्नकार्यात जेवणं उरकली की आमच्याकडची मंडळी सतरंजीवर लवंडतात आणि म्हणतात, "हां, आता बुटांचं सांगा." मी सांगतो. माझी बायको सुनंदा पलीकडून दुरुस्त्या करते. वडील तिचे होते, तिचा हक्कच आहे.

सुनंदाच्या वडिलांना सगळं गारखेडा आप्पा म्हणायचं. पाठीमागं आणखीही काही म्हणायचं. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं साखळी आणि टेप घेऊन ते जिल्ह्याच्या शिवारांतून हिंडले होते. शाळा निजामाच्या अमलात उर्दूतून सुरू झाली, पोलीस ॲक्शननंतर मराठीत आली, आणि भांडण ते दोन्ही भाषांत करत. त्यांचं एकच तत्त्व होतं. जमीन हलत नसते. हद्द सरकलेली दिसली, तर कुणीतरी खोटं बोलतंय. आता कोण, ते फक्त शोधायचं. आणि माणसाकडं पाहण्याची त्यांची सुरुवातच तिथून व्हायची.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उंची?"

"पाच फूट पाच," मी म्हणालो.

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून टेप काढला. "उभे राहा भिंतीशी. टाचा टेकवा."

माझ्या वडिलांच्या, मामांच्या आणि पोह्यांच्या बशीच्या साक्षीनं माझी मोजणी झाली. पाच फूट चार भरलो.

"एक इंच," आप्पा म्हणाले. "पहिल्याच जबानीत एक इंच. बाकी काय काय वाढवून सांगितलंय?"

पुढं लग्न झालं ते सुनंदा आतून "हेच" म्हणाली म्हणून. आप्पांनी ते नाइलाजानं मान्य केलं, आणि नाइलाज कुणामुळं झाला हे विसरले नाहीत. मी पाटबंधारे खात्यात कारकून. पाहुण्यांशी माझी ओळख ते अशी करून देत: "हे आमचे जावईबापू. कोरड्या कालव्यांचे कागद ओले होऊ नयेत म्हणून सांभाळतात."

मला आप्पा आवडत नव्हते. माणूस गेल्यावर असं म्हणू नये म्हणतात, पण ते असतानाही म्हणायची सोय नव्हती, मग म्हणायचं कधी?

त्यांचा आवडता किस्सा सोयगावचा होता. दोन भावांचा बांधावरून वाद. एकानं आंब्यांची पाटी पाठवली, दुसऱ्यानं तुपाचा डबा. आप्पांनी दोन्ही परत पाठवलं, तीनदा मोजणी केली आणि निकाल दिला की दोघंही भाऊ चोर आहेत, दोघांनी मिळून गावाच्या पाणंद रस्त्यात पाच पाच हात घुसखोरी केली आहे. दहा वर्षं न बोलणारे भाऊ त्या दिवशी एका बैलगाडीत बसून आप्पांची तक्रार करायला गेले. "सख्खे भाऊ एक केले मी," आप्पा म्हणायचे. "शिव्या खाऊन केले, पण केले." हे सांगताना त्यांचा चेहरा फुलायचा. तेवढ्यापुरताच.

आता बूट. आप्पा दर दोन वर्षांनी दसऱ्याला नवे बूट करून घ्यायचे, सिटी चौकाच्या आतल्या गल्लीत रशीदभाईंच्या दुकानात. रशीदभाईंच्या वडिलांपासून तिथला दस्तूर असा, की गिऱ्हाइकाला कोऱ्या खाकी कागदावर उभं करायचं, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ ओढायची आणि तो कागद जपून ठेवायचा. बाकीची गिऱ्हाइकं पाय उचलून निघून जात. आप्पा मोजणीदार. ते कागद हातात घेऊन रेघ तपासत, खाली तारीख घालत आणि लफ्फेदार सही ठोकत. म्हणजे उद्या बूट आखूड निघाला तर रशीदला 'माप असंच होतं' म्हणायला जागा नको.

"आप्पासाब, आप तो जूते का पंचनामा कर रहे," रशीदभाई म्हणायचे.

"हौ. करूंगाच. तेरे अब्बा का भी किया था."

आणि तरीही बूट आखूड व्हायला लागले. पहिले दीड वर्षानं चावायला लागले. आप्पांनी ते अधिक महिन्यात मला दिले. अधिकात जावयाला लोक चांदीची वाटी देतात, निदान धोतरजोडी. आमच्या सासूबाईंनी, माईंनी, तेहतीस अनारसे केले होते म्हणून निभावलं. "घ्या," आप्पा म्हणाले, "कातडं चांगलंय. माप चोरलंय त्यानं."

मी नको म्हणू शकलो असतो. पण सासऱ्यांचं दान नाकारणं म्हणजे अपमान, आणि खरं सांगायचं तर बूट फुकट होते. मी मोजे घातले.

दोन वर्षांनी दुसरा जोड आला. मग तिसरा. साठीकडं झुकलेल्या माणसाचे बूट त्याला लहान का होतायत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडायचे ते प्रश्न कापसाचे होते.

रशीदभाईंच्या दुकानात मात्र दर वेळी खडाजंगी. एकदा मी हजर होतो.

"दोन सालात बूट आखूड कैसा होता? चमडा बचाता तू!"

"आप्पासाब, कागद पे सही किसकी?"

"माझी."

"पाँव किसका?"

"माझा."

"फिर चोर कौन?"

"तेच शोधतोय," आप्पा म्हणाले आणि नव्या कागदावर उभे राहिले.

बूटच नव्हे, त्या वर्षांत सगळं जगच आप्पांना आखूड द्यायला लागलं होतं. बोटातली अंगठी रुतली, ती सोनारानं कापून काढली, तर आप्पा म्हणाले सोन्यात भेसळ होती, उन्हानं आकसलं. टोपी बसेना, टोपीवाला चोर. आवाज असा खोल गेला की फोनवर 'हॅलो' म्हणाले की समोरचा आपोआप 'जी साहेब' म्हणायचा. कपाळाचं हाड पुढं आलं, जबडा रुंदावला, दातांत फटी पडल्या. पूर्वी अख्खी सुपारी कडकडा फोडणारा माणूस, आता सुपारी मधूनच निसटायची, आणि ती सुद्धा सुपारीची लबाडी. ऐन थंडीत बनियन घामानं भिजायचा. कपाळ ठणकायचं, माई सुंठेचा लेप घालायच्या. एके काळी रोज दाढी करणारे आप्पा आता चार दिवसांनी करायला लागले, आणि त्यांनी एकमेव स्तुती केली ती नव्या ब्लेडची. "आता असली ब्लेडं येतायत की केस परत उगवायची हिंमत करत न्हाईत."

आम्ही सगळे रोज बघत होतो, म्हणून कुणालाच दिसत नव्हतं. पाहुणे म्हणायचे, "आप्पा रिटायर झाले नि काय भारदस्त झाले!"

आता माझ्या पापाकडं येतो. सुनंदा इथं नेहमी उठून आत जाते.

आम्ही राहायचो जवळच, त्यामुळं रविवारी जेवायला गारखेड्यालाच. आप्पांच्या समोर बसलं की माझ्या घासाघासावर शेरा. एकदा समोर जागा नव्हती म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो, आणि सबंध जेवण शांततेत झालं. पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच. पुन्हा शांतता. मला शोध लागला की आप्पांच्या बाजूला बसलं की आपण नसतोच. हा शोध मी कशासाठी वापरला? मी त्यांना वेडावून दाखवायला लागलो. आप्पा माझ्या खात्याची निंदा करत, आणि मी त्यांच्यापासून दीड हातावर जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून बसलेला असे. माझी मुलगी मीनू तेव्हा सात वर्षांची, ती ताटात तोंड घालून खुदखुदायची. आप्पा म्हणायचे, "पोरीला ठसका लागलाय, पाणी द्या." मी, दोन मुलांचा बाप, सरकारी नोकर, हे तब्बल तीन वर्षं केलं. इतकी वर्षं खाल्लेल्या बोलण्यांचा तो माझा सूड होता. मला वाटायचं, म्हातारा मला मुद्दाम बघत नाही.

त्याच सुमारास कौसाबाईचं प्रकरण झालं. ही गल्लीत हातगाडीवर भाजी विकायची. आप्पा सायकलवरून सरळ समोर बघत चालले होते, डावीकडच्या बोळातून तिची गाडी आली, आणि आप्पा सायकलसकट तिच्या टमाट्यांत.

"चोरासारखी बाजूनं येतीस!" आप्पा ओरडले.

"बाजूनं न्हाई तर काय वरून येऊ? माझा बोळच बाजूला हाय!" कौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "डोळं हायत का बटनं शिवल्यात?"

"तुझी गाडी जप्त करीन!"

"करा की. आदी ती दिसू तर द्या!"

आप्पा चिडून चष्मेवाल्याकडं गेले. त्यानं समोर अक्षरांचा तक्ता धरला, आप्पांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. "डोळे एकदम उत्तम," असा निकाल घेऊन ते आले आणि कौसाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तो गल्लीत जाहीर केला. त्यानंतर ती बोळाच्या तोंडाशी थांबायची आणि आप्पा दिसले की ओरडायची, "सरका गं बायांनो, उत्तम डोळं आलं!"

मग पाचवा जोड माझ्याकडं आला. त्यात पुरवणीही पुरेना, म्हणून आत जाड तळ घालून घ्यायला मी रशीदभाईंकडं गेलो. त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि चोपडीतून पाच खाकी कागद काढले.

"दामादसाब, बुरा नक्को मानो. ये देखो. पाँचों पे आप्पासाब की सही." त्यांनी ते एकावर एक ठेवले. प्रत्येक पाऊल खालच्या पावलाच्या बाहेर आलेलं. लांबीत बोटभर, रुंदीत त्याहून जास्त. "बच्चे का पाँव बढ़ता, समझ में आता. साठ बरस के आदमी का कैसा बढ़रा?"

सभ्य माणसाच्या मनात इथं काळजी यायला हवी. मला आनंद झाला. शुद्ध, तुपात तळलेला आनंद. आप्पा चुकले होते! लेखी! स्वतःच्या सहीनिशी! मी तळ न घालताच सायकलवर टांग मारली.

जेवताना सगळ्यांदेखत मी म्हणालो, "आप्पा, रशीदभाई चोर नाहीत. तुमचा पाय वाढतोय."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "जावईबापू, इतकी वर्षं माझे बूट घालून हिंडलात. आता माझा पायपण घालायची हौस आलीय?"

"मी कागद पाहिलेत. तुमची सही आहे."

"तुमची उंची मोजली तेव्हाच मला कळायला पायजे होतं. तुम्ही स्वतः एक इंच वाढलेले. दुसऱ्याला वाढवायला काय लागतं तुम्हाला! उठा. ह्या घरात माझ्या अंगाची चौकशी जावयानं करायची नाही."

आम्ही उठलो. त्या दिवसापासून माझं गारखेड्याला जाणं बंद. मी विजयी मुद्रेनं घरात फिरत होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी सुनंदा म्हणाली, "अहो, पाय वाढतोय हे तुम्ही जिंकलात. पण म्हणजे आप्पांना झालंय काय?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. देवाशपथ सुचला नव्हता.

आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पाय, अंगठी, घाम, आवाज सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना समोरचं दिसतं, पण बाजूचं दिसत नाही, असं कधी जाणवलं का?"

जगात एकच माणूस होता ज्यानं ही तपासणी तीन वर्षं, दर रविवारी, जीभ बाहेर काढून केली होती.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. शरीराची वाढ तिच्या हातात. तिच्यात गाठ झाली आणि ती गाठच वाढीचा रस पाझरायला लागली, तर मोठ्या माणसाचे हातपाय, जबडा पुन्हा वाढायला लागतात. आणि डोळ्यांच्या नसा तिच्या नेमक्या डोक्यावरून जातात. गाठ वर रेटली की आधी दोन्ही बाजूंचं दिसणं जातं. "आणि मग समोरचं," डॉक्टर म्हणाले. "थांबायला वेळ नाही. त्यांना लवकर आणा."

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच सुनंदाला जिभेचं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता आणा त्यांना. कसंही करून."

पण कसं? मी म्हटलं म्हणून आप्पा दवाखान्यात जाणं शक्य नव्हतं. सुनंदा रडली, माईंनी अन्न सोडायची धमकी दिली. आप्पा म्हणाले, "जावयानं पढवलंय तुम्हाला. मी आंधळा झालो तरी त्याच्या सांगण्यावरून नाही जाणार."

शेवटी मी रशीदभाईंच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यांनी सगळं ऐकलं, थोडा वेळ दाढी खाजवली आणि म्हणाले, "आप लोग बीमारी बोलके गए, ना? गलती वोच हुई. मैं देखता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चोपडी काखेत मारून गारखेड्याला आले. आम्ही आधीच तिथं होतो, अंगणात, कारण मला घरात मज्जाव होता.

"आप्पासाब," रशीदभाई उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "दस साल से आप मेरे को चोर बोलरे. मेरी तकरार है. हद्द की. मोजणी करके देव."

आप्पा खुर्चीतून उठले. मोजणी मागितल्यावर नाही म्हणणं त्यांना येतच नव्हतं. "कागद?"

"पाँच हैं. पाँचों पे आपकी सही."

आप्पांनी कागद घेतले. खिडकीच्या काचेवर पहिला टेकवला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. टाचेची रेघ टाचेशी जुळवली. मागून ऊन येत होतं, खाकी कागदांतून पाचही पावलं दिसत होती, एकात एक. आम्ही आत येऊन त्यांच्याभोवती गोळा झालो, मज्जाव विसरून मीसुद्धा. रागाच्या भरात ते काय फाडतील याचा नेम नव्हता. त्यांचं जाडजूड बोट एकेका रेघेवरून फिरत होतं, आणि शेवटी ते आपल्याच सहीवर थांबलं.

"पाच वेळा मी सही केली," ते म्हणाले. "एकदाही मागचा नकाशा काढून लावला नाही. असला मोजणीदार माझ्या हाताखाली असता, तर घरी बसवला असता."

रशीदभाई खाली बघत होते.

"हद्द सरकलीय," आप्पा म्हणाले. "तू खोटं बोलत नव्हतास." त्यांना एवढं म्हणायला किती कष्ट पडले ते जबड्यावर दिसत होतं. मग ते एकदम ओरडले, "आणि ते जावईबापू कुठं तोंड काळं करून बसलेत?"

मी त्यांच्या डाव्या हाताशी उभा होतो. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता.

"इथंच आहे, आप्पा," मी म्हणालो.

आप्पांनी सबंध मान वळवली, मग खांदे, मग कंबर. मी त्यांना दिसलो. आणि ते आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघून समजले. मोजणीदारच ते.

"कधीपासून?" त्यांनी मलाच विचारलं.

"तीन वर्षं."

कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही. "कुठल्या डॉक्टरकडं जायचंय, चला," ते म्हणाले. "पण गाडीत तुम्ही बोलायचं नाही."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आप्पांचे जुने फोटो मागितले, चेहरा किती बदलला ते बघायला. आप्पा कॅमेऱ्यालाही शत्रू समजत, त्यामुळं फोटो नव्हता. मी म्हणालो, "फोटो नाहीत. बूट आहेत." पिशवीतून चार जोड काढून मी टेबलाखाली ओळीनं मांडले आणि पाचवा पायातून काढून शेवटी ठेवला. वर्तमानपत्राची पुरवणी बाहेर आली. डॉक्टर बुटांकडं बघत राहिल्या. "आणि तुम्ही हे घालत होता?" त्यांनी मला विचारलं. इतकी वर्षं आप्पांनी केला नव्हता एवढा अपमान त्या एका वाक्यात झाला.

मग त्यांनी आप्पांना काही खाजगी विचारायला घेतलं. "जावयाला बाहेर काढा!" आप्पा गरजले. मी मोज्यांवर बाहेर आलो. त्याचा उपयोग नव्हता, कारण आप्पांचा तो खोल आवाज दोन मजल्यांना ऐकू जात होता. "तुम्ही माझ्या पोरीच्या वयाच्या! हे असलं मी माझ्या बायकोशी बोललो न्हाई कधी!"

नंतर डॉक्टर आम्हाला म्हणाल्या, "ह्या ग्रंथीचं काही बिघडलं की बायकांची पाळी चुकते, त्या दाखवायला येतात. पुरुषांचं काही चुकतच नाही ना. दाढी कमी झाली, बाकीचंही कमी झालं, तरी ते ब्लेडचं कौतुक करत बसतात."

गाठ बोराएवढी होती. नाकावाटे ऑपरेशन, पुण्याला. "नाकातून?" आप्पा म्हणाले. "पुढचं दार सोडून मोरीतून शिरणार?" पण सही त्यांनीच केली, आणि करण्याआधी कागद तीनदा वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "काढलेलं मोजलं का?"

घरी आल्यावर आठ दिवसांत त्यांच्या बोटांची सूज उतरायला लागली. वाढलेलं हाड परत जात नाही, पण मऊ भाग ओसरतो, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. घाम थांबला. आणि मला एक वेडी आशा लागली. मला वाटलं, इतकी वर्षं जो माझ्याशी वैर धरत होता तो माणूस नव्हता, ती गाठ होती. मी डॉक्टरांना तसं विचारलंसुद्धा. "स्वभाव का?" त्या हसून म्हणाल्या. "तो त्यांचा स्वतःचा आहे. तिथं आम्ही हात लावला नाही."

खरंच लावला नव्हता. त्यानंतर आप्पा पुष्कळ वर्षं होते, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी मला एक बरा शब्द दिला नाही. रशीदभाईंना मात्र ते चोर म्हणायचे थांबले. सही करायचे थांबले नाहीत.

पण ते सगळं नंतरचं. ऑपरेशननंतरचे पहिले दीड-दोन महिने घरात एकच काळजी होती. नसांवरचा दाब गेला, पण बाजूचं दिसणं परत येईल की नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. येईल किंवा नाही येणार. आप्पांना विचारायची सोय नव्हती. माईंनी विचारलं तर म्हणाले, "डोळे माझे आहेत, पत्रक काढू का?" सुनंदा रोज त्यांच्या चालण्याकडं बघायची. दाराच्या चौकटीला खांदा लागला की तिचा चेहरा उतरायचा.

एका सकाळी मी गेलो तेव्हा आप्पा व्हरांड्यात खुर्चीवर बसून समोरच्या पेरूच्या झाडाकडं बघत होते. मी पाचवा जोड दारात काढला आणि त्यांच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसलो. ते हलले नाहीत. मी 'आप्पा' म्हटलं नाही. माझ्याकडं एकच यंत्र होतं, तेच मी बाहेर काढलं. जीभ पूर्ण लांब केली, डोळे फिरवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून इच्छा केली की हा म्हातारा माझ्यावर ओरडो.

आप्पा पेरूकडं बघत होते. मी जीभ आणखी काढली. दुखायला लागली.

"जावईबापू," मान न वळवता आप्पा म्हणाले, "आत घ्या ती. माशी बसंल."

मी जीभ आत घेतली.

"आणि मीनूला ठसका लागत नव्हता," ते म्हणाले, "हे मला आता कळलं."

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "सुनंदा! आप्पांनी मला धरलं! डावीकडून! मान न वळवता!" ती पोळी तव्यावर टाकून रडायलाच बसली, माईंनी देवाकडं हात जोडले, पोळी जळाली. हा गोंधळ दहा मिनिटं चालला असेल.

बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. दारात माझे बूट नव्हते. पुरवणीचा बोळा आणि कापूस मात्र पायरीवर नीट काढून ठेवलेला होता.

मी मोज्यांवरच फाटकापर्यंत गेलो. आप्पा गल्लीतून चालले होते, पाचव्या जोडात, टाच टेकवून, अंतर मोजत असल्यासारखे. बूट त्यांना बसत होते. बोळाच्या तोंडाशी डावीकडून कौसाबाईची गाडी आली. आप्पा थांबले. समोरच बघत थांबले, हातातली काठी डावीकडं आडवी धरली आणि तिला पुढं जाऊ दिलं.

कौसाबाई ओरडायला तोंड उघडून तशीच राहिली.

"टमाटे सडकेत," आप्पा तिला म्हणाले आणि पुढं निघाले.